मला भिंतीआड उभे करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आपण आमच्या चमेलीला भूल देऊन तपासून गेलात, त्याला पाच आठवडे झाले. जाताना मला नीट ‘धन्यवाद’सुद्धा म्हणता आले नाही, कारण बोलायला गेलो असतो तर रडू आले असते.

चमेली दरवेशाकडून सोडवून आणलेली अस्वलीण आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही अस्वल नाचवण्याचा हा खेळ कित्येक वर्षे रस्त्यावर चालू होता. आगऱ्याचे अस्वल बचाव केंद्र १९९९ साली उभे राहिले आणि देशातले शेवटचे मानले गेलेले नाचते अस्वल सुटायला २००९ साल उजाडले. तापल्या सळईने भोसकून दोर ओवलेले तिचे नाक आणि तोडलेले सुळे आपण पाहिलेच. अशा जिवाचा माणसावर विश्वास बसायला किती दिवस लागतात, हे मी तिच्याजवळ राहून शिकलो. माझ्या हाकेला ती पहिल्यांदा जाळीपाशी आली, तेव्हा तिला येऊन अकरा महिने झाले होते.

तो विश्वास पूर्वीच्या एका तपासणीत एका सकाळीच मोडला गेला. आलेल्या डॉक्टरांनी मला गूळ घेऊन तिला पुढे बोलावायला सांगितले. ती माझ्या हातातला गूळ चाटत असतानाच माझ्या खांद्यावरून फुंकनळीने तिच्या मांडीत डार्ट, म्हणजे भुलेचे औषध भरलेली सुई, मारला. वजन अंदाजाने धरले होते, भूल अर्धवट चढली, भोवती माणसे मोठ्याने बोलत होती आणि तिने मध्येच मान उचलताच सगळे बाहेर पळाले. कागदावर ‘वयोमानाने वरचे दोन दात पडलेले’ असे लिहिले गेले. तिच्या जातीच्या अस्वलांना वरच्या जबड्यात मधले दोन दात मुळातच नसतात, त्या फटीतून ती वाळवी ओढून घेतात, एवढेही त्यांनी पाहिले नाही. आणि तुटलेल्या सुळ्याच्या मुळाशी साचलेला पू मात्र तसाच राहिला. त्यानंतर चार महिने चमेली माझ्या हाकेला आली नाही. मी दिसलो की मागच्या कोपऱ्यात जाऊन पंजा चोखत बसायची. तो अपराध माझा नव्हता, पण तिला ते कोण सांगणार?

म्हणून आपण येणार असे कळले, तेव्हा मला आनंद झाला नव्हता. आपण मात्र आठवडाभर आधी निरोप पाठवून तिच्या वाटेत वजनकाटा ठेवायला सांगितलात, म्हणजे ती त्यावरून रोज ये-जा करील आणि औषधाचे माप तिच्या खऱ्या वजनावर ठरेल. आदल्या रात्री उपाशी ठेवणे, काळ्या केसाळ अंगाला ऊन सोसत नाही म्हणून पहाटेची वेळ धरणे, हे सारे आपण केलेत, आणि ते उत्तमच होते. पण मी आयुष्यभर विसरणार नाही ती गोष्ट त्याच्या नंतरची आहे. फुंकनळीत डार्ट भरून झाल्यावर आपण माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, “तुम्ही त्या भिंतीआड जा. सुई टोचताना तिला तुम्ही दिसायला नकोत.”

एवढेच आपले दोन वाक्यांचे बोलणे. मी भिंतीआड गेलो आणि तिथे उभा राहून डोळे पुसले. जनावराच्या मनात कोणाचे तोंड कोणत्या दुखण्याशी जोडले जाईल, याचा विचार करणारे माणूस इतक्या वर्षांत मी प्रथमच पाहिले.

ती पूर्ण झोपल्यावर आपण मला आत बोलावलेत. तिच्या डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधलेले होते, जिभेला प्राणवायू मोजणारा चिमटा लावलेला होता. रक्त काढून झाले, किडलेला सुळा निघाला, तरी कुजबुजीपलीकडे कोणाचा आवाज चढला नाही. भुलेच्या दोन औषधांपैकी झायलाझीनवर उतारा असतो, केटामाइनचा अंमल मात्र आपोआपच ओसरावा लागतो, म्हणून घाई करायची नाही, हे आपण मला, अस्वलाची देखभाल करणाऱ्या एका किपरला, सोबतच्या सहकाऱ्याला सांगावे तसे समजावून सांगितलेत. उतारा टोचून आपण बाहेर आलात, दार लागले, आणि या वेळी मला जाळीजवळ बसवून आपण स्वतः मागे सरलात. तिने डोळे उघडले तेव्हा तिच्या कानावर पहिली हाक माझी पडली.

मोठ्या पदव्या आणि यंत्रे पुष्कळांकडे असतात. आपल्या हातून दुसऱ्याचे काय तुटेल, याची आधी काळजी घेणारी माणसे मात्र मला फार थोडी भेटली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी ते कधी बोलून दाखवले नाही.

चमेली आता कलिंगड दोन्ही बाजूंनी चावून खाते. आपण सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी एक चमचा मध दाखवून मी तिला खांदा जाळीला लावून उभे राहायला शिकवतो आहे; कालपासून ती चार-पाच श्वास तशीच थांबते. पुढच्या वेळी बहुधा डार्ट लागणार नाही, साध्या सिरिंजने काम होईल. सिरिंज आपणच धरावी, अशी विनंती आहे. मध कोणीतरी दुसरा देईल, मी भिंतीआड उभा राहीन.

आपला कृतज्ञ,
चमेलीचा किपर