आमचा गडकरी आजा

कोल्हापूर

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर विचारलंस, तुमच्या घराण्यात लढाईला गेलेला तो कोण? फोनवर मावलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

यंदा सुगी आटोपल्यावर गावी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारा, आला होता. बैल बाहेर बांधून सोप्यात बसला, चोपडी उघडून पिढ्या म्हणायला लागला. पोरं मोबाईल घेऊन शूटिंग करत होती. खापरपणजोबांच्या बापापाशी येऊन म्हणाला, "सामानगडचे गडकरी," आणि गेला की पुढच्या नावाकडं! थोरल्या काकांचं तोंड उतरलं. त्यांच्या लेखी हा आजा सरदार होता, सत्तावन्नच्या बंडात घोड्यावरून लढलेला. दसऱ्याला पुजतो ती तलवार त्याचीच म्हणे.

मला विचारशील तर हेळव्याचंच खरं वाटतं. सत्तावन्नला कोल्हापुरात उठली ती 27 वी पलटण, 31 जुलैला. ते पगारी शिपाई. आजा त्याच्या तेरा वर्षं आधीच लढून घरी आलेला. गडकरी म्हणजे गडाचे दरवाजे, तट, पहारा सांभाळणारी पिढीजात शिबंदी. मोबदला म्हणून जमीन. ती कसायची आणि पाळी आली की गड चढायचा.

1844 साली कोल्हापूरचे छत्रपती वयानं लहान. कारभार दाजी कृष्ण पंडितांच्या हाती, आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज. पंडितांनी गडांकडच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. दफ्तरात बघायला गेलं तर नुसती कारभाराची सोय. पण उद्या जमीन राहते का जाते, या धास्तीनं गडकऱ्यांची झोप उडाली. सामानगडवाल्यांनी दरवाजे लावून घेतले. मग भुदरगड उठला, पन्हाळा, पावनगड उठले. कर्नल ओव्हान्स या साहेबाला तर धरून पन्हाळ्यावर कोंडलं. 13 ऑक्टोबरला इंग्रजी फौजेनं सामानगड घेतला, 1 डिसेंबरला पन्हाळा पडला. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज पडका दिसतो ना, तो याच लढाईनंतर इंग्रजांनी पाडलेला.

आजी सांगायची, गड पडल्यावर आजा रातोरात ओढ्याच्या अंगानं उतरला, सासुरवाडीत दडून राहिला आणि नाचणीच्या मळणीला शेतात हजर. कुणीतरी म्हणालं, अरे, धरतील की! तर म्हणाला, "पेरलंय ते टाकून जाऊ कुठं?" सरदाराच्या तोंडी हे वाक्य शोभलं नसतं. म्हणूनच मला तो आवडतो. तलवार त्याची असेल-नसेल, पण भांडला तो वावरासाठी, आणि परतला तोही वावरातच. काकांना हे सांगून बघितलं. त्यांनी पेपर उघडला.

आता कामाचं. जुन्या ट्रंकेत मोडीतला एक कागद सापडलाय, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मला त्यातलं अवाक्षर लागत नाही. तू मोडी शिकलायस. येत्या रविवारी ये, वहिनींनाही आण. काका त्या दिवशी जोतिबाला जाणार आहेत, तेवढ्यात वाचून घेऊ.

तुझाच,
भाऊ