मावशी, सातातली तीन वाचली

मावशी,

समोर बोललो असतो तर तुम्ही "पुरे रे" म्हणून हात झटकला असतात, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कुंडीतली झाडं मायेने मारणारा मी एकटाच नसणार.

तुम्ही आलात तेव्हा सात टोमॅटोंपैकी तीन गेले होते आणि उरलेले चार कसेबसे उभे होते. महिनाभर काय काय उपाय केले ते मी तुम्हाला जरा अभिमानानेच सांगत होतो. पान पिवळं दिसलं की १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात). रोप मलूल दिसलं की पाणी. किडीचा नुसता संशय आला म्हणून मातीत लाकडाची राख. भर उन्हात नीम तेलाची फवारणी, आणि त्याने पानं भाजली तर तो नवाच रोग समजून पुन्हा फवारणी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "पिवळी आधी कुठली झाली? बुडाची की शेंड्याची?"

मला सांगता आलं नाही. रोज दोन वेळा त्या झाडांसमोर उभा राहत होतो!

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी बुडाची पानं पिवळी पडतात, हे तुम्ही सांगितलंत. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिका होतो. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून सहसा हलत नाही, म्हणून त्याची टंचाई कोवळ्या पानांवर दिसते. माझ्या दोन कुंड्यांत शेंडे पिवळे होते, शिरा हिरव्या. म्हणजे मी ओततच राहिलेल्या खताचा तिथे काही संबंध नव्हता. मातीत लोह नव्हतं असंही नाही. राखेने मातीचा सामू (pH) वर गेला होता, म्हणजे माती अल्कधर्मी झाली होती, त्यात आमचं जड पाणी, आणि तशा मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. किडीवर म्हणून टाकलेली राख झाडालाच भोवली.

बाकीच्या दोन कुंड्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यातली एक तुम्ही दोन्ही हातांनी उचललीत आणि माझ्याकडे असं पाहिलंत की मी काही बोललोच नाही. ती दगडासारखी जड होती. मग बुंध्याला दोन बोटांत धरून कुंडी उलटी केलीत. तो वास मी विसरणार नाही. मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरायचा. मूळकूज. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं सडतात, पाणी वर चढत नाही, आणि झाड तहानल्यासारखंच मान टाकतं. मी ती मान बघून आणखी पाणी घालत होतो. तहानलेलं रोप पाणी दिल्यावर काही तासांत ताठ होतं, हे निदान लक्षात यायला हवं होतं.

खरा धक्का मात्र तळाच्या खड्यांचा. पाणी निचरावं म्हणून मी प्रत्येक कुंडीत खड्यांचा जाड थर दिला होता. बारीक मातीतलं पाणी खड्यांमध्ये सहजी उतरत नाही. थराच्या वरची माती चिंब होईपर्यंत तिथेच अडून राहतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवली ती मीच. (हा सल्ला मी इतरांनाही दिला होता. त्यांना आता कळवलंय.)

उलटी केलेल्या कुंडीतलं ते झाड वाचणार नाही असं तुम्ही सरळ सांगितलंत. मातीसकट टाकलं, कुंडी घासून धुतली. दुसऱ्याचे खडे काढले, माती भुसभुशीत केली, खालची ताटली काढून कुंडी विटांवर ठेवली. पिवळ्या शेंड्यांच्या दोघांना राख बंद आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) एक हलकी फवारणी, तीही ऊन उतरल्यावर. मग दहा दिवस हात बांधून बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पाचव्या दिवशी मी खताचा डबा उघडला होता, आज कबूल करतो. "भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं, नवं कसं येतंय ते बघ," हे तुमचं वाक्य आठवलं आणि झाकण लावलं. नवं पान हिरवं आलं.

आता पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालतो, कुंडी उचलून बघतो. मध्ये पानांवर बारीक पांढरे ठिपके दिसले, तेव्हा पांढऱ्या कागदावर पान झटकलं. कागदावर पडलेले कण चालायला लागले. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांची खालची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्याच्या फवाऱ्याने धुतली आणि एवढ्यावरच भागलं.

काल विटांवरच्या झाडाच्या बुडाच्या दोन पानांवर तपकिरी डाग दिसले, वर्तुळात वर्तुळं असलेले. करपा असावा, हा बुरशीचा रोग. ती पानं तोडून टाकली, पाणी पानांवर न पडता बुंध्याशी घालतोय, अजून कुठलंही औषध मारलेलं नाही. सवडीने एकदा बघून जाल का?

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा