माझ्या पक्कडीची धार घालवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण ज्यांनी मला झिडकारलं त्यांनीही ते चारचौघांतच केलं होतं.

आईची खुर्ची तुम्ही पाहिली आहे. कंबर धरली की तिला दुसरीकडे कुठे बसवत नाही. तुमच्याआधी ही खुर्ची ज्याच्या हाती पडली, त्याने जुनं कापड उतरवण्याची तसदीच घेतली नाही. जुन्यावर नवं ताणलं, पिनांवर पिना ठोकल्या. मध्ये येत होत्या त्या स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्या, लाकडाचे टवके उडवले आणि पैसे घेऊन मोकळा झाला. थोड्याच दिवसांत खुर्चीच्या हाताच्या खालच्या कडेने एक अर्धी तुटलेली पिन कापडातून वर आली आणि आईच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. तक्रार केली तर म्हणाला, "जुनी वस्तू आहे, चालायचंच." मनगट त्याच्या आईचं असतं तरी तो हेच म्हणाला असता का?

तेव्हा ठरवलं, आता ही आपणच उघडायची. अवजार कुठलं घ्यायचं म्हणून विचारलं, तर जो तो आपलं सांगून मोकळा. एकाने ऑफिसात कागदाच्या पिना काढायचा तो चिमटा हातात ठेवला. कागदाची पिन दोन-चार पानांत वळलेली असते, सोफ्याची पिन लाकडात रुतलेली असते, एवढाही विचार नाही. दुसरा म्हणाला, मोठा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि जोर लावा. तिसऱ्याने दोन दातांचं टोक असलेलं हत्यार दाखवलं. दिसायला योग्य, पण ते जुन्या डोकेवाल्या चुका उपटायचं होतं. त्याची खाच चुकेच्या डोक्याखाली बसते, पिनेच्या पाठीखाली, म्हणजे दोन पायांना जोडणाऱ्या वरच्या आडव्या तारेखाली, ती शिरतच नाही. पक्कड दाखवणाऱ्याने तर बजावून सांगितलं, "जेवढी धारदार तेवढी चांगली." आणि बहुतेकांचा शेवट एकच: हे बायकांचं काम नाही.

तुम्ही असं काहीच बोलला नाहीत. खुर्ची उलटी करून आधी पिना पाहिल्यात. म्हणालात, "आधी पिन ओळखा, मग हत्यार." पाठ साधारण 10 मिलिमीटर रुंद, तार मिलिमीटरभरही जाड नाही, पण पाय लाकडात खोल. काही पिनांच्या पायांची टोकं तिरकी छाटलेली असतात, त्यामुळे लाकडात शिरताना ते पाय फाकतात. काहींवर गोंदासारखा लेप असतो, तो ठोकताना तापून लाकडाला धरतो. म्हणून सरळ ओढलं की पाठ तुटते आणि पाय आत राहतात. इतक्या जणांना विचारलं होतं, पण पिना का तुटतात हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग तुम्ही ते केलंत ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे. माझी नवीकोरी पक्कड घेतलीत, ती गोल डोक्याची, समोरून चावणारी. जबडा उजेडाकडे धरून पाहिलात आणि विचारलंत, "हिची धार घालवली तर चालेल ना तुम्हाला?" माझ्या वस्तूला हात लावण्याआधी मला विचारलंत. मी हो म्हटल्यावर बारीक कानस काढलीत आणि दोन्ही ओठांवरून सावकाश फिरवलीत. मध्येच थांबून नखावर घासून बघायचात, पुन्हा कानस. ओठांवरची चकाकणारी रेघ जाऊन तिथे मंद करडी पट्टी आली, तेव्हा फडक्याने भुगा पुसून पक्कड मूठ माझ्याकडे करून दिलीत. "आता ही कापणार नाही, नुसती धरेल." तुमचं काम खोळंबलं होतं, बाहेर माणसं ताटकळत होती. तरी तुम्ही घाई केली नाहीत, आणि पहिली पिन मी काढेपर्यंत पक्कड पुन्हा माझ्या हातातून घेतलीही नाहीत.

ती पहिली पिन मला लख्ख आठवते. आधी तुमचा तो आखूड लाकडी मुठीचा, वाकडा उचकवणारा. त्याचे दोन अणकुचीदार दात पाठीखाली सरकवले आणि मूठ दाबून पिनेची एक बाजू वर आणली. मग बोथट पक्कडीने ती बाजू धरली. तुम्ही म्हणालात, ओढू नका, झुलवा. पक्कडीचं गोल डोकं लाकडावर टेकवून पाळण्याला झोका द्यावा तशी ती बाजूला कलती केली. पिन कुठेही न तुटता दोन्ही पायांसकट वर आली. डोकं टेकतं ती जागा पिनेच्या अगदी लगत असते, म्हणून लांब दांड्यावरचा थोडासा जोरही तिथे भरपूर होतो. ताकद लागते म्हणणाऱ्या त्या सगळ्यांना ते दृश्य दाखवायला हवं होतं. माझं मनगट अजिबात दुखलं नाही.

पॉलिश केलेलं लाकूड दिसतं तिथे डोक्याखाली पत्र्याची पातळ पट्टी ठेवायची, पटाशी आणि मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, वापरलीच तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि टोकापासून लांब, नाहीतर लाकूड चिरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि चष्मा. निघालेली पिन डोळ्याकडे कशी उडते ते मी आता पाहिलं आहे. तुम्ही तेव्हा दटावून सांगितलंत म्हणून बरं.

काका, तुमच्यासारखी माणसं पाहिली की वाटतं, हातात कसब असलेले पुष्कळ भेटतात, पण ते समोरच्याच्या हातात सोपवायला मन मोठं लागतं. हिला शिकवलं तर आपलं गिऱ्हाईक जाईल, हा विचार तुमच्या चेहऱ्यावरही आला नाही. उलट मी निघाले तेव्हा मागून हाक मारून म्हणालात, आत राहिलेले पाय उपटत बसू नका, पक्कडीत येतात ते काढा, बाकीचे पंच ठेवून आत ठोका, वर मात्र काही ठेवू नका, हाताला लागेल. आईच्या ओरखड्याबद्दल मी ओझरतं बोलले होते. तुमच्या ते लक्षात होतं.

आधीच्याने मारलेल्या पिनांचा थर आता जवळपास उतरला आहे. शेवटी लावलेलं कापड आधी काढायचं, म्हणून तळाच्या काळ्या कापडापासून सुरुवात केली, मग पाठीची बाहेरची बाजू, मग हात. त्याखालचं मूळ कापड तुम्ही बजावल्याप्रमाणे न फाडता उतरवते आहे. प्रत्येक तुकड्यावर खडूने वरची बाजू लिहिली आहे, नवं त्याच्यावरच बेतणार. बैठकीच्या पुढच्या दांडीत एक जागा अशी आहे की तिथे पिना तीन थरांत आहेत आणि लाकूड पोखरल्यासारखं झालं आहे. तिथे नवी पिन धरेल की आधी लाकूड भरून घ्यावं लागेल, हे तुम्हीच येऊन पाहिलंत तर फार बरं होईल. आईही म्हणते आहे, काकांना घेऊन ये, मला त्यांना समोर बसवून बोलायचं आहे.

मनापासून आभार, काका.

तुमची,
बोथट पक्कडवाली