चांदीचा कोव्श आणि त्याला चिकटलेल्या कथा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रशियन चांदीच्या पानपात्रांवर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले, हेच विशेष. मात्र छायाचित्राखालच्या ओळीत ‘झार अशा पात्रांतून मद्य घेत असत’ असे विधान आहे आणि लेखाच्या शेवटी बदकाच्या आकारामागची लोककथाही याच पात्राला जोडली आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

छायाचित्रातले पात्र म्हणजे कोव्श, अर्थात एका बाजूला दांडा आणि दुसऱ्या बाजूला चोच असलेले होडीसारखे पसरट भांडे. चांदीच्या बारीक, पीळ दिलेल्या तारेची वेलबुट्टी पत्र्यावर बसवायची, मधल्या कप्प्यांत रंगीत मिना भरायचा आणि ते भट्टीत भाजायचे, असे त्यावरचे काम आहे. हे तंत्र रशियात जुनेच. पण कोव्शाला असे नखशिखांत मढवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोत बहरली. ओव्चिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह, फाबेर्जे यांच्या पेढ्यांनी आणि फ्योदोर र्‍युकर्टसारख्या कारागिरांनी असे कोव्श घडवले. ते घेणारे बहुधा मॉस्कोचे सधन व्यापारी आणि परदेशी पाहुणे होते. या वस्तू दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवण्यासाठी, नाहीतर एखाद्या समारंभात भेट देण्यासाठी असत. त्या काळचा झार जेवणाच्या टेबलावर पाश्चात्त्य धाटणीचे काचेचे पेलेच वापरत होता. थोडक्यात, ही पात्रे जुन्या रशियाची आठवण म्हणून घडवलेली आहेत, जुन्या रशियाच्या वापरातली नव्हेत.

वापरातले कोव्श याहून बरेच साधे होते. सोळाव्या-सतराव्या शतकातला चांदीचा किंवा सोन्याचा कोव्श ठेंगणा, रुंद आणि गुळगुळीत असे. त्यातून प्रामुख्याने मधापासून आंबवलेले पेय घेतले जाई. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे झार इव्हान द टेरिबलचा सोन्याचा कोव्श. इव्हानने १५६३ मध्ये पोलोत्स्क शहर जिंकले, तिथल्या लुटीतल्या सोन्याचा हा घडवला, अशी नोंद त्याच्यावरच कोरलेली आहे. पुढे तो झार पीटर द ग्रेटने सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला भेट दिला आणि आज तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहालयात आहे. ‘झारचे पानपात्र’ म्हणून चित्र छापायचेच होते, तर ते याचे छापता आले असते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत रंजक वाटतो आणि नेमका तोच लेखातून सुटला आहे. सतराव्या शतकापासून कोव्श हे राजाकडून मिळणारे बक्षीस झाले. डॉन, याइक आणि व्होल्गा या नद्यांकाठच्या लढाऊ कोसॅकांच्या सरदारांना ते मिळत, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच मानाने ते सरकारी दारूगुत्त्यांच्या आणि जकातनाक्यांच्या प्रमुखांनाही मिळत. ही मंडळी व्यापाऱ्यांमधून निवडली जात आणि क्रूसाचे चुंबन घेऊन इमानाची शपथ घेत. ठरलेल्या रकमेपेक्षा वसुली कमी पडली तर तूट त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेतून भरून घेतली जाई; उलट आधीच्या वर्षांपेक्षा जास्त रक्कम तिजोरीत पडली तर चांदीचा कोव्श पदरात पडे. त्याच्या आत तळाशी दोन तोंडांचा गरुड आणि काठावर झारची लांबलचक बिरुदावली, मानकऱ्याचे नाव, साल आणि बक्षिसाचे कारण कोरलेले असे. प्रजेला जास्तीत जास्त दारू पाजल्याबद्दल शाबासकी म्हणून दारूचेच भांडे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की व्यवहारबुद्धीला, हे मला ठरवता आलेले नाही. रशियन तिजोरीचे दारूवरचे अवलंबित्व मात्र विनोदाचा भाग नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सरकारी उत्पन्नाचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही मोठा वाटा दारूतून येत होता. महसुलासाठी परवाने वाटायचे आणि त्याच तोंडाने व्यसनमुक्तीवर भाषणे द्यायची, ही कसरत पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बक्षिसाचे हे कोव्श जसजसे मानाचे झाले तसतसे ते पिण्याच्या कामातून सुटले. अठराव्या शतकात त्यांची चोच उंच झाली, टोकावर गरुडाच्या आकाराची मूठ आली, दांडा नक्षीने भरला. असे भांडे ओठांना लावायला गेले तर आधी गरुडच नाकाला टोचेल.

आता लोककथेकडे वळतो. बदकाचा आकार चांदीच्या पेढीत जन्मलेला नाही. तो लाकडातून आला. उरल पर्वताच्या पूर्वेकडच्या गोर्बुनोव्हो इथल्या दलदलीत दांड्यावर पाणपक्ष्याचे डोके कोरलेले लाकडी डाव सापडले आहेत आणि ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. उत्तर रशियातल्या खेड्यांत अगदी अलीकडच्या काळापर्यंत झाडाच्या मुळातून किंवा खोडावरच्या गाठीतून कोव्श कोरत आणि ओल झिरपू नये म्हणून त्याला जवसाचे तेल पाजत. लग्नाच्या पंगतीत मधोमध बदकासारखे एक मोठे पात्र असे आणि त्याच्या काठाला पिल्लांसारखे लहान लहान कोव्श अडकवलेले असत. ज्याने त्याने आपल्या पिल्लाने आईच्या पोटातली बीअर काढून घ्यायची. लग्नगीतांत वधू ही बदकी किंवा हंसी आणि वर हा बदक असतो, ती गीते याच पंगतीत गायली जात. अमर कोश्चेईचा प्राण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकीच्या पोटात आणि बदकी सशाच्या पोटात, ही गोष्टही रशियन मुलांना पाठ असते. आपल्याकडच्या पोपटात जीव असलेल्या राक्षसाचा हा तिकडचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. हा सगळा ठेवा शेतकऱ्याच्या लाकडी भांड्याचा आहे. मॉस्कोच्या पेढ्यांनी आकार उचलला आणि लिलावांच्या सूचीपत्रांतून त्याच्याबरोबर कथाही विकली जाते.

चांदीच्या पात्रांना स्वतःची लोककथा नाही असे मात्र नव्हे; ती शोधायची तर कोव्शाऐवजी ब्रातिनाकडे पाहावे लागेल. ब्रातिना म्हणजे मडक्यासारखे गोल, आखूड गळ्याचे आणि बहुधा झाकण असलेले पात्र. ते पंगतीत हातोहात फिरे आणि प्रत्येक जण यजमानाच्या नावाने त्यातून घोट घेई. त्याच्या गळ्याभोवतीच्या पट्टीत सुबक, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत मजकूर कोरलेला असे. बऱ्याचदा तो ‘अमक्या भल्या माणसाची ही ब्रातिना, पिणाऱ्याला आरोग्य लाभो’ अशा आशयाचा असतो. एका ब्रातिनेवर मात्र असे लिहिले आहे की खरे प्रेम सोन्याच्या भांड्यासारखे असते, ते कधी फुटत नाही आणि थोडे वाकलेच तर शहाणपणाने लवकर सरळ करता येते. धातूच्या भांड्यावर याहून चपखल मजकूर कोणता असणार! मालकाच्या मृत्यूनंतर हेच पात्र मध घातलेले पाणी भरून थडग्यापाशी ठेवण्याचीही प्रथा होती. मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या अर्खांगेल्स्की कॅथेड्रलमध्ये झारांच्या थडग्यांपाशी अशी पात्रे असत.

शौर्यगाथांमधले पेले तर आणखी थोर. राजा व्लादिमीरच्या कीव्हमधल्या मेजवानीत वीराला दीड बादलीचा चषक देतात आणि तो एका हाताने उचलून एका दमात रिकामा करतो. रशियन बादलीच्या मापाने हे अठरा लिटरच्या पुढे जाते. इल्या मुरोमेत्स या वीराला तीस वर्षे जागचे हलता येत नव्हते. दारी आलेल्या यात्रेकरूंनी पाजलेल्या पेयाने त्याच्या अंगात इतके बळ आले की पृथ्वी उलथून टाकीन असे त्याला वाटू लागले, तेव्हा यात्रेकरूंनी दुसरा घोट पाजून त्यातले अर्धे बळ काढून घेतले. गाणाऱ्याला अतिशयोक्तीचे वावडे नव्हते, पण मापाचे भान होते.

जाता जाता एक आपल्याकडचा धागा. लाकडी कोव्शांसाठी नावाजलेल्या त्वेर प्रांताचाच व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. इथे नारळापासून दारू करतात, हे त्याने आवर्जून नोंदवले आहे. रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे.

शेवटी खरेदीबद्दल, कारण लेखात ‘अस्सल रशियन चांदी ८४ असा शिक्का पाहून घ्यावी’ एवढाच सल्ला आहे. आपल्याकडे सराफाच्या तोंडी ‘टंच’ म्हणजे शंभरातले प्रमाण, त्यामुळे ८४ म्हणजे ८४ टंच असा समज सहज होईल. रशियन मापात शुद्ध चांदी ९६ धरतात. म्हणजे ८४ च्या शिक्क्याची चांदी आपल्या हिशेबाने साडेसत्त्याऐंशी टंच भरते. दुसरे म्हणजे १८९९ पासूनच्या सरकारी शिक्क्यात ‘कोकोश्निक’ हा पारंपरिक शिरपेच घातलेल्या स्त्रीचे मुख असते. १९०८ पर्यंत ते डावीकडे पाहते आणि त्यानंतर उजवीकडे. तिसरे म्हणजे फाबेर्जेच्या नावाचे खोटे शिक्के मारलेला माल जगभर इतका आहे की केवळ शिक्क्यावर विसंबून पैसे मोजू नयेत. आपली पुरवणी वाचून कोणी अशी वस्तू घ्यायला निघालेच, तर त्याने शिक्क्यातल्या मुखाची दिशा, मिन्याभोवतीच्या तारेचे काम आणि आधीच्या मालकीची कागदपत्रे या तिन्ही गोष्टी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

त्या छायाचित्रातील पात्राचे साल, कारागीर आणि ते सध्या कोणत्या संग्रहात आहे, एवढी माहिती पुढच्या रविवारी छापता आली तर आभारी राहीन.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे