गेंड्याची कातडी कुठून आणायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नवलेखकांना सल्ला देणारा लेख आला होता, टीका मनावर घेऊ नका, कातडी जाड करा वगैरे. वाईट काही नव्हतं त्यात, पण वाचून माझी चिडचिड झाली म्हणून हे पत्र. मी नोकरी सांभाळून कथा लिहिते, काही छापून आल्यात, बऱ्याचशा नाही आल्या, त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजते.

मुळात ज्याची कातडी जाड आहे तो कथा कशाला लिहील हो? कोण काय बोललं, कोण बोलता बोलता गप्प झालं, हे टोचत राहतं म्हणून तर माणूस लिहायला बसतो, आणि मग त्याच माणसाच्या पुस्तकाला कोणी नावं ठेवली की त्याने अजिबात टोचून घ्यायचं नाही म्हणे. नाही जमत. आणि आपले मोठे लेखक तरी कुठे तसे होते. नाटककार विजय तेंडुलकरांचं बघा, सुरुवातीला त्यांचं ‘गृहस्थ’ नाटक आलं आणि लोकांनी काही ते उचललं नाही, तेव्हा आता परत नाटक लिहायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि पुढे ‘श्रीमंत’ आलंच! म्हणजे रुसले, शपथ घेतली, शपथ मोडली. मला हे फार आवडतं. रुसायची मुभा असावी लेखकाला, फक्त घरच्यांनी ते फार सिरियसली घेऊ नये.

लेखिका मालतीबाई बेडेकरांनी वेगळी सोय केली. १९३३ ला त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचं पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर ह्या नावाने, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते उघड लिहिलेलं, त्या काळात. केवढा गदारोळ झाला, ही बाई कोण ह्याचा शोध लोक घेत बसले, आणि बाईंनी बरीच वर्षं पत्ता लागू दिला नाही. शिव्या पडल्या त्या विभावरीला, बाळूताई खरेंना नाही (लग्नाआधीचं नाव त्यांचं). ह्याला कोणी घाबरटपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. बाईला लिहितं राहायचं असेल तर आधी घरात आणि नोकरीत टिकावं लागतं, हे आजही फार बदललेलं नाही.

कथाकार जी. ए. कुलकर्णी, म्हणजे जीए, तर लोकांपासूनच लांब राहिले. त्यांच्या ‘काजळमाया’ कथासंग्रहाला १९७३ चं साहित्य अकादमी मिळालं, मग पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तर त्यांनी सरळ पुरस्कारच परत करून टाकला आणि आपलं धारवाडात शिकवत, लिहीत राहिले. पुढे ‘रमलखुणा’ आलं, ‘पिंगळावेळ’ आलं. त्यांना काहीच वाटलं नसेल असं मला तरी वाटत नाही, ज्याला काही वाटत नाही तो परत कशाला करेल.

पण ह्या गोष्टी नवीन लेखकाला धीर द्यायला सांगतात ना, तिथे एक गोची आहे. हे सगळे टिकले म्हणून आपल्याला माहीत. जे रुसले आणि परत आलेच नाहीत त्यांची नावं कोण सांगणार? आणि टिकूनही हातात काही पडेल ह्याची गॅरंटी नाही. केशवसुत १९०५ ला हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही गाठली नव्हती, आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं १९१७ ला. आज आपण त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, पण स्वतःचा संग्रह त्यांनी कधी हातात धरलाच नाही. त्यांना कोणी धीर धरा म्हटलं असतं तर काय उपयोग होता?

आता माझा खरा मुद्दा. आजच्या लेखकाला टीकेपासून वाचवायची गरजच नाहीये कारण टीका करतंय कोण? पेपरातली परीक्षणं आक्रसत चाललीत, जी येतात त्यातली निम्मी मित्रांनी मित्रांवर लिहिलेली. फेसबुकवर कथा टाकली तर ‘खूप छान ताई’, हात जोडलेले इमोजी, आणि कथेतल्या माणसाचं नाव मधेच बदललंय हे एकाच्याही लक्षात येत नाही. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. मे-जूनमधे आवाहन येतं, युनिकोडमधेच पाठवा, शब्दमर्यादा पाळा, इतरत्र पाठवलेलं साहित्य नको. आपण पाठवतो. मग सामसूम. ‘मिळालं’ एवढंही कोणी कळवत नाही. फोन केला तर अंकाचं काम चालू आहे म्हणतात, आणि आपली कथा नाही घेतली हे कळतं ते थेट दुकानात अंक चाळताना, तोपर्यंत बाकीचे सगळे अंक छापून झालेले, म्हणजे त्या कथेचं वर्ष गेलं. एका अंकाने (नाव नको) माझी कथा छापली पण मला कळवलं नाही, मानधन सोडा, प्रतही मी विकत आणली.

ह्यापेक्षा ‘साभार परत’चं पोस्टकार्ड परवडलं. संपादक श्री. पु. भागवत ‘सत्यकथा’ मासिकात असताना कथेत कुठे काय घसरलंय ते पत्र लिहून कळवायचे, दुरुस्त्या सुचवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. त्याचाही जाच झालाच लोकांना, १९६९ मधे तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला तो काय उगाच नाही, ती सगळी मक्तेदारी होती हे मलाही पटतं. पण जाळायला तरी समोर कोणीतरी होतं की. आम्ही कोणावर चिडायचं, इनबॉक्सवर?

मी स्वतः कसं निभावते विचाराल तर फार काही सांगण्यासारखं नाही. एक कथा पाठवायच्या आधी दुसरी सुरू केलेली असते, म्हणजे वाट बघायला वेळ कमी उरतो. तोंडावर ‘हे जमलं नाही’ म्हणणारी दोन माणसं आहेत, त्यातली एक माझी नणंद, तिला साहित्यातलं काही कळत नाही असं तीच म्हणते पण कथा कुठे कंटाळवाणी झाली ते बरोब्बर सांगते. आणि मैत्रिणीला पुरस्कार मिळाला की मी आधी अभिनंदनाचा मेसेज टाकते, मग खूप वेळ भांडी घासते. जळफळाट होतो, नाही कशाला म्हणू.

तेव्हा संपादक महाशय, सल्ले पुरे. तुमच्या पुरवणीत पुस्तकांसाठी अर्धं पान द्या, त्यात लेखकाच्या ओळखीचा नसलेल्या माणसाकडून लिहून घ्या, आणि पुस्तक आवडलं नसेल तर का ते स्पष्ट लिहू द्या, आम्ही बघून घेऊ आमच्या कातडीचं. आणि दिवाळी अंकवाल्यांपर्यंत तुमचा पेपर पोचतोच, त्यांनी पुढच्या आवाहनातच एक ओळ छापावी, की गणपतीपर्यंत आमचं उत्तर आलं नाही तर कथा घेतलेली नाही असं समजून खुशाल दुसरीकडे पाठवा.

कळावे,
आपली एक वाचक, सांगली