मॉनिटर इतक्यात बदलू नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही "मॉनिटर गेला" म्हणालात तेव्हा मीही हो ला हो केलं. पण रात्री आईने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला आणि मत बदललं. पांढरं पान निळसर-हिरवं, पिवळं होतं ते हिरवं, आणि लाल तर जवळजवळ काळंच. म्हणजे सगळे रंग बिघडलेले नाहीत, एकटा लाल गायब आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या मिश्रणातून पडदा बाकीचं सगळं रंगवतो. संगणकाकडून मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या तुमच्या त्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये तिघांना वेगवेगळ्या तारा असतात. हिरव्याची सुटली असती तर सगळं जांभळट दिसलं असतं, निळ्याची सुटली असती तर पिवळं.

आधी मॉनिटरवरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. तो मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, केबलमधून येत नाही. त्यातले रंग नीट दिसले तर मॉनिटर ठणठणीत आहे. मेन्यूही निळसर दिसला तर त्यातच 'रीसेट' करून बघा. कधी कधी कुणीतरी लाल रंग शून्यावर नेऊन ठेवलेला असतो. (बाबा, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.) त्यानंतरही फरक पडला नाही, तर तुमचं खरं.

मला मात्र केबलचाच संशय आहे. दोन्ही यंत्रं बंद करून दोन्हीकडचे स्क्रू बोटांनी सोडवा. ओढताना टोक धरा, वायर नको. आत तीन रांगांत 15 पिना असतात, पहिल्या रांगेच्या कडेची एक नंबरची पिन लाल रंगाची. टॉर्च धरून वाकली आहे का ते आईने बघावं, सुई ओवणारे डोळे तिचेच. मधल्या रांगेतली एक पिन पुष्कळदा कारखान्यातूनच नसते, ती शोधत बसू नका. वाकलेली दिसली तर रिकाम्या पेन-पेन्सिलच्या टोकात अडकवून अगदी हळू सरळ करायची. पक्कड नको! पुन्हा पुन्हा वाकवली की पिन तुटते. सगळ्या सरळ असतील तर केबल घट्ट बसवून स्क्रू आवळा. त्यानेही काम होतं बऱ्याचदा. नाहीच झालं तर दुसरी केबल लावून बघू.

आई, संध्याकाळनंतर फोटो पिवळे दिसतात ही तुझी तक्रार वेगळी. तो बिघाड नाही, 'नाइट लाइट' आहे, म्हणजे संध्याकाळनंतर पडदा पिवळसर करणारी संगणकातलीच सोय, आणि बहुतेक मीच लावून ठेवलाय. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं गेलीस की सापडेल. फोटोंचे रंग सुधारायला बसशील तेव्हा बंद कर. मी एकदा तो चालू असताना अर्धा दिवस एका पोस्टरचे रंग जुळवत बसले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "हे इतकं निळं का केलंस?"

आणि हो, पुढचा फोटोही मोबाइलनेच काढा. स्क्रीनशॉट संगणकाच्या आतूनच निघतो, केबलचा दोष त्यात उतरत नाही. पिनांचा एक जवळून काढलेला फोटो पाठवा, मग रविवारी फोनवर बघू.

तुमची,
धाकटी