तो गाढव कोण होता?

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर, तुमच्या कंपनीत ती जुनी सिस्टीम बसवणाऱ्याला तू गाढव म्हणालास. माझी सगळी नोकरी अशाच एका 'गाढवा'च्या तारा सांभाळण्यात गेली, म्हणून लिहितोय.

३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त. ३००० किलोवॅट हवे तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्ट एसीला, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेला, १२०च्या आसपास भागतं. त्यामुळे आमची कॉन्टॅक्ट वायर, म्हणजे गाडीला वीज देणारी रुळांवरची तार, अंगठ्याएवढी जाड आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. रात्रीच्या ब्लॉकमध्ये, गाड्या बंद असताना, टॉवर वॅगनवर (तारांच्या कामाची उंच गाडी) ती ओढताना खांदे भरून यायचे. (आठवण म्हणून एक तुकडा घरी आणावा म्हटलं, तर तांबं मोजून जमा करायचं.) १९२५च्या साहेबांना मीही तेव्हा भरपूर शिव्या घातल्यात.

पण त्यांच्या हातात काय होतं? लोकल सारखी थांबते आणि भरल्या डब्यांनिशी पुन्हा उचलते. त्या कामाला डीसी सिरीज मोटर पक्की. सेकंदाला ५० सायकलच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या, एसीवर तिच्या ब्रशांतून (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) ठिणग्या उडत. जर्मनी-स्वित्झर्लंडने १६⅔ सायकलची वीज काढून मार्ग शोधला होता, पण त्यासाठी रेल्वेची वीजच निराळी हवी. आणि वरून एसी घेऊन गाडीतच डीसी करायचं, तर रोजच्या धावपळीत टिकेल असं रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं यंत्र, होतं कुठे? ते नीट जमलं १९५०च्या दशकात, फ्रान्समध्ये. आपल्या रेल्वेने २५,००० व्होल्ट ठरवलं १९५७ला. तोवर मुंबईचा संसार डीसीवर थाटून झाला होता. तो मोडायला किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. २५,००० व्होल्टच्या तारेला पुलापासून जास्त अंतर लागतं, ती जागा पुलांखाली पुरेना, म्हणून कुठे कुठे रूळच खाली घेतले. हार्बरवरचं डीसी बंद व्हायला २०१६ उजाडलं.

याचा अर्थ सगळ्यांनाच माफी असा नाही. एडिसनने १८८२मध्ये न्यूयॉर्कला डीसी निवडलं, ते बरोबरच होतं. पण १८८६मध्ये अमेरिकेतल्याच स्टॅन्ली नावाच्या इंजिनिअरने ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) लावून एसीवर गावातले दिवे पेटवून दाखवले, आणि त्यानंतरही, १८८८मध्ये, एसी किती घातक हे पटवायला एडिसनच्या प्रयोगशाळेत कुत्री मारली गेली. शिव्या द्यायच्या तर तिथे दे, माझी हरकत नाही.

गंमत म्हणजे चंद्रपूरची वीज आज साडेसातशे किलोमीटर पार करून पडघ्याला येते ती डीसीनेच, उणे-अधिक पाच लाख व्होल्टवर. एडिसनकडे एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारे थायरिस्टर नव्हते, एवढंच.

आणि हो, नाशिकहून येताना इगतपुरीला गाडी थांबायची ना, एसीचं इंजिन काढून डीसीचं लावायला? वड्यासाठी प्लॅटफॉर्मवर पहिली उडी तुझीच असायची. तेव्हा त्या साहेबांबद्दल तुझी काही तक्रार नव्हती.

तुझा,
बाबा